आधी चूल पाहू द्या

तायडेभाऊ कुठल्याही खानावळीत शिरले की गल्ल्यावरच्या माणसाकडे पाहायचेसुद्धा नाहीत. टेबलं-खुर्च्या ओलांडून थेट आत, चुलीपाशी. आतून कुणीतरी ओरडायचं, "ओ भाऊ, कुठं चालले?" आणि यांचं ठरलेलं उत्तर, "काई नाही गा, आधी चूल पाहू दे." मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा दौऱ्यावर गेलो तेव्हा अकोटच्या एका खानावळीत हा प्रकार पाहून शरमेने अर्धमेला झालो. वाटलं, आता मालक दोघांनाही हाकलून लावतो. पाच मिनिटांनी तायडेभाऊ बाहेर आले ते कांद्याची पात चावत. म्हणाले, "बस विलास. वांग्याची भाजी हाये, तर्री मस्त वरती आली. रांधणाऱ्याचं नाव गजानन."

आमचा धंदा शाळांना नकाशे, पृथ्वीचे गोल आणि प्रयोगशाळेचं सामान पुरवण्याचा. ऑफिस अमरावतीला, तायडेभाऊंचं घर अकोल्याला, आणि दोघांचा जन्म मधल्या रस्त्यांवर चाललेला. गाडी तेच चालवायचे. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, अंगाने सडसडीत, शर्टाच्या खिशात पेन दोन आणि लसणाची पाकळी एक. हो, लसूण. काही ठिकाणी ठेच्यात लसूण कमी घालतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही विकायचो ते नकाशे वेगळे आणि त्यांच्या डोक्यातला वऱ्हाडाचा नकाशा वेगळा. त्यात तालुके नव्हतेच, नुसती जेवणं होती.

अमरावतीला गिला वडा खायचा तो राजापेठेतल्या एकाच गाडीवर. "डोळ्यातून पानी नाही आलं तं तो कायचा गिला वडा? मंग घरी दहीवडा खा आन झोप." अकोल्यात जठारपेठेत सकाळी कढी-आलुबोंडा, पण नऊच्या आत. नऊनंतर कढीत पाणी वाढवतात, ही त्यांची पक्की खबर. मी एकदा मोबाईलवर शोधून एक नवीन हॉटेल काढलं, साडेचार तारे मिळालेलं. तायडेभाऊंनी स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तारे आभायात पाहा लागते, बापा. जेवाले चूल पाहा लागते." तरी माझ्या हट्टापायी गेलो. पनीर इतकं गोड की भात मागवून कसंबसं उरकलं. तिथून तेल्हाऱ्यापर्यंत ते दर दहा मिनिटांनी नुसतं "साडेचार" म्हणायचे आणि हसायचे.

त्यांचं खरं माहेर हिवरखेडला. बसस्टँडच्या मागे टिनाचं शेड, आणि तिथे शांताबाईंच्या हातचं भरीत आणि ज्वारीची भाकर. "मालकाचं नाव पाटीवर असते," ते म्हणायचे, "रांधणाऱ्याचं इचारा लागते." शांताबाईंच्या शेडला पाटीच नव्हती, म्हणून बहुधा त्यांना ती जागा जास्त आवडायची. एकदा आम्ही गेलो तर बाईंचा उजवा हात भाजलेला, फडकं गुंडाळलेलं, आणि बाहेर सहा गिऱ्हाइकं खोळंबलेली. तायडेभाऊंनी बाह्या सारल्या आणि परातीपुढे बसले. भाकरी थापता थापता अशी काही पसरली की शांताबाई हात दुखत असतानाही खो खो हसल्या. "काय जी भाऊ, नकाशे इकता इकता हा भारत देश करून राहिले काय?" गिऱ्हाइकांनी तो भारत देश मुकाट खाल्ला. पुढच्या खेपेला तायडेभाऊंनी अकोल्याहून मलमाची ट्यूब नेली होती.

ही चूल पाहायची सवय स्वच्छतेची आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. एकदा हिवरखेडहून परत येताना मी थट्टेत विचारलं, "भाऊ, तुम्ही अन्न-निरीक्षक काहून नाही झाले?" ते हसले नाहीत. रस्त्याकडे पाहत म्हणाले, "आमचे बाबा बाजाराच्या दिवशी हाटेलात चहा पेत. आत जायचं नाही. वळचणीले एक कान तुटलेला कप खोचून ठेवेल असे. तो आपलाच काढाचा, वरून चहा घ्याचा, धुऊन आपनच पुन्हा खोचाचा. मी लहान होतो, मले वाटे बाबाचा सोताचा कप हाये, काय थाट!" गाडीचा गिअर बदलून म्हणाले, "मोठं झाल्यावर समजलं. म्हनून मी कुठंई गेलो का पयले आत जातो. कोनी अडवते का पाह्यतो. नाही अडवलं का मंग जेवन गोड लागते."

आम्ही कुणबी, ते बौद्ध. हे दोघांनाही माहीत होतं आणि कधी बोलायची वेळ आली नव्हती. एका ताटात जेवलो, एका बाटलीने पाणी प्यालो. मला स्वतःचा मोठा अभिमान वाटायचा त्याबद्दल. आता तो अभिमान आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

माझं गाव तिवशाजवळ. नऊ वर्षांपूर्वी तिवशाच्या शाळेत सामान उतरवलं आणि मी म्हटलं, "भाऊ, आज खानावळ नाही. घरी चला. आई पातोडी-रस्सा करते." आईला फोन केला. तिने विचारलं, "कोन हायेत ते?" मी म्हटलं, "तायडे." ती म्हणाली, "बरं." ते बरं मला कळलं होतं. लहानपणापासून ऐकलेलं बरं होतं ते. तरीही मी त्यांना घेऊन गेलो, आणि आईला आधी एका शब्दाने काही बोललो नाही.

बैठकीत पाणी झालं. आतून फोडणीचा वास आला तसे तायडेभाऊ उठले. चेहरा खुललेला, हिवरखेडला खुलायचा तसाच. "माय, आधी चूल पाहू द्या," म्हणत ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आई आतून पुढे आली आणि तिने चौकटीवर हात आडवा धरला. आवाज अगदी मऊ. "तुमी बसा जी भाइर. मी आनून देतो."

एवढंच. ना शिवी, ना वाकडं तोंड. ते मागे फिरले, बैठकीत बसले, पोटभर जेवले, रस्सा दोनदा मागून घेतला. मी समोरच बसलो होतो. मला फक्त म्हणायचं होतं, आई, येऊ दे त्यांना. चार शब्द. मी ताटात पाहत बेसनाची पातोडी कुस्करत राहिलो. परतीच्या वाटेवर मोझरी गेली, नांदगाव पेठ आलं, तेव्हा ते म्हणाले, "पातोडी भारी होती हो. माय सुगरन हाये." माझ्या तोंडून "हो" निघालं. तेसुद्धा धड नाही.

त्यानंतर मी कितीदा तरी बोलावलं. प्रत्येक वेळी त्यांच्याकडे कारण तयार. "आज पोट बरं नाही." "आज उशीर होईन." एकदा तर म्हणाले, "आज माही एकादशी हाये," आणि स्वतःच हसत सुटले. मीही हसलो. माफी मागायची ती हसण्यावारी नेली. पुढच्या वर्षी बोलू, पुढच्या दौऱ्यावर बोलू, असं करत गेलो. आईला तर काहीच विचारलं नाही. ती जुन्या वळणाची, तिला काय समजणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. रेडिएशनचे शेक घेऊन घेऊन गळा आतून सोलून निघाला आणि नाकातून नळी बसली. त्या नळीतून पातळ केलेलं काहीबाही जायचं. ज्या माणसाने शेकडो चुली पाहिल्या त्याच्या जिभेला पाण्याचा थेंब लागेना. पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा मला रडू आवरेना. तेच घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अबे, मी जेवत नाही म्हनून तू काहून उपाशी? दौऱ्यावर जा. आन मले दाखव."

तेव्हापासून मी त्यांना मोबाईलवरून जेवणं दाखवायला लागलो. त्यांच्यासारखाच निर्लज्जपणे आत शिरायचो, फोन चुलीपुढे धरायचो. राजापेठेतल्या गाडीवाल्याने त्यांना वडा उलटताना दाखवला. शांताबाईंनी फोन हातात घेऊन त्यांना दम भरला, "लवकर या जी, तुमच्याबिगर वांगे सडून राहिले." तायडेभाऊ पलीकडून सूचना द्यायचे, तेल तापू दे, मीठ आताच नको. वहिनी सांगायच्या की त्या दिवशी त्यांना दुपारची झोप चांगली लागायची.

आणि एका दिवशी त्यांनी विचारलं, "तिवश्याले कधी चाल्ला?"

"परवा."

"मंग मायच्या हातची पातोडी दाखव ना एकडाव. आतून दाखव."

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते दार उघडून मागितलं होतं, तेही आत पाऊल टाकता येणार नाही अशा वेळी. मी म्हटलं, "दाखवतो ना भाऊ."

गावी गेलो. आई स्वयंपाकघरातच होती. फोन माझ्या खिशात होता. तिला सांगायचं म्हणजे तो हात, ती चौकट, ते सगळं उकरून काढावं लागणार. ती काय म्हणेल? आणि फोनवर पुन्हा काही बोलली तर? त्यांनी पुन्हा ते ऐकायचं, या अवस्थेत? असं काहीबाही स्वतःला पटवलं आणि अंगणात येऊन मेसेज टाकला, "भाऊ, इथे नेटवर्क नाही. पुढच्या आठवड्यात नक्की." मेसेज गेला. लगेच गेला. नेटवर्क चांगलं होतं.

पाचव्या दिवशी तायडेभाऊ गेले.

अकोल्याला पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. वहिनी मला पाहून म्हणाल्या, "भाऊ, चार दिवस मोबाईल उशाशी चार्जिंगले लावून ठेवत होते. हात लावू देत नोहते कोनाले. म्हनत, विलासच्या घरून फोन येनार हाये." मी तायडेभाऊंच्या पायाशी बसलो. काय बोलणार होतो? नेटवर्क नव्हतं असं वहिनींनाही सांगू?

तिथून रात्री अमरावतीला न थांबता सरळ गावी गेलो. सकाळी आईपुढे बसून सगळं सांगितलं. चौकट, हात, फोन, सगळं. आवाज चढला माझा. तुझ्यामुळे झालं, असंही म्हणालो. आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"हात धरला होता मी," ती म्हणाली. "मले ठावं हाये. त्या मानसाचं तोंड मी अजून इसरलो नाही. पाठ फिरल्यावर मलेच कसंतरी झालं. मंग तू आनशीन पुन्हा, मंग आंदर बसवीन, असं म्हनून मी वाट पाहत होतो. तू आनलंच नाही." मग डोळे पुसत तिने विचारलं, "मांगच्या खेपेले मले म्हटलं काहून नाही, बापा? मी नाही म्हटलं असतं का?"

आईने त्या दाराशी हात धरला तो एकदाच, घडीभर. पुढची नऊ वर्षं तिथे आडवा उभा होतो तो मी.