टॅपेट कव्हरवरचा पंजा

या ग्रुपवरच्या गोष्टी मी रोज जेवताना वाचतो. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून ताटासमोर मोबाईल. बहुतेक वेळा हसूच येतं — सगळ्यांना पांढऱ्या साडीतली बाईच दिसते, लुंगीतला माणूस कधी कोणाला दिसला नाही! भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता आणि आजही आहे असं म्हणवत नाही. तरी झालं ते लिहितो...

मी वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावचा. बैलजोडी विकून जीप घेतली आणि बरीच वर्षं मालेगाव–शिरपूर रस्त्यावर चालवली. शिरपूरच्या मंदिराला जाणारे यात्रेकरू आत, बाजाराच्या कोंबड्या टपावर. बायको वच्छला वारली आणि जीप अंगणात उभी राहिली ती राहिलीच.

ती गेली म्हणजे अगदी पूर्ण गेली हो. लोक म्हणतात, गेलेलं माणूस स्वप्नात येतं, चाहूल देतं. मला कधीच काही नाही. माझ्या साळीच्या स्वप्नात मात्र दोनदा येऊन चहा मागून गेली म्हणे. खोटं कशाला सांगू, मला राग आला. संसार माझ्यासोबत केला, आणि चहा बहिणीकडे?

गेल्या वर्षी दिवस जाता जात नव्हता, म्हणून जीपचं इंजिन खोललं. बॉनेटखालचं सगळं सामान गंजलेलं — बॅटरीचा ट्रे, क्लॅम्प, इंजिनच्या डोक्यावरचं टॅपेट कव्हर. आता याला फिनिश कोणतं द्यायचं? क्रोम केलं तर वरातीतल्या बँडवाल्यासारखं दिसेल. साधा रंग इंजिनच्या गरमीने पोपडे धरून सुटतो. शेवटी पावडर कोटिंग करायचं ठरवलं आणि सगळं पोत्यात घालून वाशीमला शकीलभाईंकडे नेलं. ते खरं तर गेट आणि कूलरचे स्टँड कोट करतात, पण हात चांगला आहे.

"काळा मॅट घ्या भाऊ. डाग दिसत नाई, बारा वर्सं पाहा लागत नाई," ते म्हणाले.

त्यांनी सामान केमिकलने धुतलं, वाळूच्या फवाऱ्याने घासून पांढरंफटक केलं. मग मला दम दिला, "आता हात नका लावू बरं. बोटाचं तेल लागलं का पावडर धरत नाई." मी खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही. त्यांनी हातमोजे घालून पावडर मारली आणि सामान भट्टीत टांगलं.

भट्टी उघडली आणि वास आला... रंगाचा नाही. हळद आणि लोणी तापल्याचा.

"कोन फोडनी देऊन राह्यलं बे इथं?" शकीलभाई ओरडले.

बाकी सामान झकास झालं होतं. टॅपेट कव्हरवर मात्र मधोमध पावडर धरलीच नव्हती. तळवा आणि चार बोटं... कोरं लोखंड चमकत होतं.

"मी सांगतलं होतं ना, हात नका लावू! हे तं लोनी फासल्यावानी झालं."

मी माझा हात त्यावर धरून दाखवला. माझा पंजा चांगला दोन बोटं मोठा. आणि तो वास मला ओळखीचा होता.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. आमचे बैल गेले, पण वच्छलाने खांदशेकणी सोडली नाही. बॉनेट उघडून टॅपेट कव्हरला हळद-लोणी चोळायची आणि म्हणायची, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"अवं, इंजिन हाय ते! बैल नाई!" मी ओरडायचो. गल्ली हसायची.

"बैलावानी राबते ना? मंग बैलच हाय. तुमी व्हा बाजूले."

त्या वर्षीचा पोळा होऊन गेला होता. त्या दिवशी मी दार लावून पडून होतो, आवतण कोणी कोणाला दिलं नव्हतं.

शकीलभाईंनी कव्हर पुन्हा घासलं, पुन्हा भट्टीत घातलं. तोच वास, तोच पंजा. दुसरा एक कारागीर म्हणाला, धातूत मुरलेलं तेल गरमीने वर येतं. येत असेल. पण वाळूने दोनदा घासल्यावर? आणि आलं तर बोटं मोजून कसं येतं?

"तिसऱ्यांदा करून पाहू," शकीलभाई आता हळू बोलत होते. "अंदर दुसरं प्रायमर मारतो. मंग नाई येनार. नाई तं एवढं कोरंच ठेवा... पन कोऱ्या लोखंडाचं लई कराव लागते भाऊ. घडीघडी तेलाचा हात फिरवा लागते, नाई तं गंज चढते."

मी म्हटलं, "राहू द्या कोरं."

आता बाकी सगळं काळं मॅट आहे आणि मधे तो पंजा. तेलाचं बोट फिरवत बॉनेटखाली उभा असतो, तेव्हा शेजारचे विचारतात, "गाडी कवा काढता मंग?" मी काहीतरी सांगतो. खरं सांगायला गेलो तर रडू येईल.

हे का झालं, कोणाला माहीत असेल तर जरूर लिहा. तो पंजा घालवायचा उपाय मात्र सांगू नका.