पडद्याच्या कडेचे ठिपके

भुताला पहिला प्रश्न विचारायची वेळ आली, तेव्हा मी तो चुकीच्या ठिकाणी विचारला. सकाळचे साडेदहा वाजले होते. पाऊस मोजणाऱ्या केंद्राच्या खोलीत मी एकटा, हातात चहा, आणि कीबोर्डला कोणी हात लावलेला नसताना समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी... ओळीनं पीपर्यंत. थांबली. मग खालच्या रांगेतली, उलटीकडून. मी कप खाली ठेवला, ती अक्षरं आधी नीट खोडली (भुताची असली तरी केंद्राच्या मशीनवर पसारा नको) आणि दोन बोटांनी, कारण मला दोनच बोटांनी येतं, इंग्रजी लिपीत लिहिलं: कोण आहे? वर एंटरही दाबलं. मशीननं तत्काळ उत्तर दिलं: 'कोण: कमांड नॉट फाउंड.' असा हुकूम आमच्याकडे नाही.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, घाबरेल. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "भुताले इंग्रजी अक्षरात काऊन विचारलं? तुमच्या खानदानात इंग्रजी येनारं एकच मानूस होतं, अन् थे तं गेलं."

मग तिचा हात थांबला. माझाही घास थांबला. कारण ते एकच माणूस म्हणजे दादा, माझा थोरला चुलतभाऊ, आणि ते मशीन त्याचंच होतं.

केंद्र उंद्री गावाहून थोडं पुढं, माळावर. जिल्ह्यातल्या गावोगावच्या पर्जन्यमापकांचे आकडे तिथं जमा होत. काही गावांची यंत्रं फोनच्या तारेवरून आपोआप पाठवत, काही गावांचे लोक फोन करून सांगत आणि ते मी टाइप करत असे. उभं सगळं दादानं केलं होतं. मी नात्यानं त्याचा लहान भाऊ आणि कामानं त्याची अडचण.

एकाच पडद्यावर अनेक कामं चालू ठेवायला त्यानं टीमक्स नावाची सोय लावली होती. मला ती समजेना. शेवटी त्यानं मला बाहेर नेलं आणि कुंपणापलीकडचं वांग्याचं वावर दाखवलं.

"हे पाह्य. सेशन म्हंजे हे अख्खं वावर. त्यात पट्टे पाडले, त्या झाल्या विंडो. पट्ट्यात वाफे केले, थे पेन. मधात रेघा दिसतात, थे धुरे, वावराचे बांध. समजलं?"

"हाव."

"संध्याकाळी तू घरी जातं. वावर तुयासंगं येते काय?"

"नाही."

"मंग? थे तिथंच राह्यते. पानी सोडलं असन तं वाहतच राह्यते. फाटक लावलं, निंघाले. सकाळी फाटक उघडलं, जसं होतं तसं. याले म्हनते डिटॅच अन् अटॅच. एवढ्यासाठी लोक पुण्याले जाऊन शिकून राह्यले बे!"

कंट्रोल आणि बी, मग डी. एवढं फाटक लावणं मी शिकलो. नवं वावर कसं काढायचं ते कधी शिकलो नाही. दादाच्याच सेशनमध्ये शिरायचं, त्यानं पाडलेल्या वाफ्यांत बसायचं. सेशनला त्यानं नावही 'वावर' दिलं होतं. वरच्या वाफ्यात उंद्री, उजवीकडे धामणगाव बढे, खाली वरवट बकाल, आणि तळाच्या हिरव्या पट्टीवर घड्याळ.

दादा आश्विनात गेला. उंद्रीहून येऊन केंद्राच्या फाटकाशी सायकलवरून उतरला, सायकल नीट स्टँडवर लावली आणि तिच्या शेजारी बसला, तो उठलाच नाही. लग्न केलेलं नव्हतं. मागं फक्त काकू, त्याची आई. तिचं घर केंद्राच्या भिंतीला लागूनच.

तेरवी झाल्यावर मी येऊन 'वावर' उघडलं. सगळं चालू होतं. तेरा दिवस त्याच्यावाचून धामणगाव बढ्याचे आकडे रांगेनं येऊन बसले होते. मालक गेला हे अजून कोणी त्यांना सांगितलं नसावं. मला ते बघवेना. आणि एक गोष्ट खटकली: पडदा पूर्ण भरत नव्हता. उजवीकडे आणि खाली चार बोटं जागा नुसत्या ठिपक्यांनी भरलेली. दादा असतानाही अधूनमधून असं व्हायचं, विशेषतः तो घरी जेवायला गेला की. मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, मशीन म्हातारं होतंय.

मग साडेदहाची अक्षरं सुरू झाली. रोज. मी दादाच्या खुर्चीवर बसायचं सोडलं आणि स्टुलावर बसून टाइप करू लागलो. त्याला बसायचंच असलं तर खुर्ची मोकळी असावी. कीबोर्डशेजारी त्याच्या आवडीची सुपारी ठेवली. दोन दिवस वाट पाहून ती मीच खाल्ली. पण गंमत तेवढीच. घड्याळ साडेदहाच्या जवळ यायला लागलं की माझी पाठ गार पडायची. अक्षरं उमटून गेली की वाटायचं, काहीतरी सांगायचं होतं त्याला, आणि सांगायला नेमका मी सापडलो, ज्याला साधं काही सांगितलेलं कधी कळलं नाही.

एका सकाळी मी आकडे भरायचा वाफा उघडा ठेवून चहाला गेलो. परत आलो तर वरवट बकालच्या नावापुढं सात, आठ, नऊ, शून्य असे सलग आकडे, आणि वर एंटर. कार्तिकातला कोरडा ठक्क दिवस. एवढा पाऊस खरंच झाला असता तर पूर्णा नदीनं वरवट बकाल उचलून गुजरातेत नेऊन ठेवलं असतं. आकडा पुढं गेला होता. तासाभरात वरून साहेबांचा फोन आला. "मशीनमध्ये कोणीतरी शिरलंय. शोधा, आणि उद्यापर्यंत बाहेर काढा."

दादाची एक वही होती. तीत त्यानं माझ्यासाठी, माझ्या अकलेला परवडेल अशा भाषेत, सगळ्या कमांडी लिहून ठेवल्या होत्या. 'आत कोन कोन हाये हे पाहाचं असन तं.' मी ती कमांड टाइप केली. दोन ओळी आल्या. एक माझी. दुसरी दादानं घरी ठेवलेल्या लहान मशीनची, तो जायच्या आधीच्या रविवारपासून जोडलेली. त्यानं फाटक लावलंच नव्हतं.

वहीत त्याच पानावर खाली लिहिलं होतं: 'लहान पडद्यावरून कोनी पाह्यत असलं तं सगळ्याइले तेवढंच दिसते. बाकीच्या जागी ठिपके.'

मी पडद्याच्या कडेला बघितलं. ठिपके होते. महिनाभर मी दादाच्या घरच्या पडद्याएवढंच जग पाहत होतो.

त्या घरचं मशीन अजून चालू होतं, कारण केंद्राच्या बॅटऱ्यांची एक तार त्यानं भिंतीवरून घरात नेली होती. भारनियमनात सगळं गाव अंधारात बसायचं, पण ती एक खोली उजळ असायची. दुसऱ्या दिवशी सव्वादहाला मी त्या खोलीत गेलो.

काकूनं नुकतीच पूजा आटोपली होती. हातात जुन्या धोतराचा मऊ तुकडा. दादाच्या लहान पडद्यावर माझे कालचे आकडे होते.

"ये रे लहान्या. काऊन, आज सुट्टी?"

"नाही काकू. सहज आलो."

"बस." आणि ती कीबोर्ड पुसायला लागली. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे, पाटा पुसतात तशी. पडद्यावर अक्षरं उमटली. तिनं तिकडं पाहिलंही नाही. "लय धूळ बसते याच्यावर. थो असता तं ओरडला असता, माय, बंद करून पुसत जा. पन बंद कसं करू? त्याचं काम चालू हाये ना."

"कोणाचं, काकू?"

तिनं हनुवटीनं पडदा दाखवला. "अकराले सुरू होते. पाचपर्यंत चालते. माही निवडटिपन आता इथंच."

अकरा ते पाच ही माझी टाइप करायची वेळ.

"पन आजकाल लय चुकते थो," काकू म्हणाली. "लिहते, मांगं जाते, खोडते, परत थेच लिहते. पहिले असा नव्हता. पहिले कसा सरसर जाये."

मी खाली बघितलं. मेलेल्या माणसाच्या कामाची मी अशी नाचक्की करत होतो, आणि ती रोज त्याची आई समोर बसून पाहत होती.

"अन् एक गंमत सांगू? तू आला का थांबते थो. परवा लाडू घेऊन आला तू, थांबला. आता बी पाह्य. थांबलाच हाये."

मला म्हणायचं होतं, काकू, मी इथं असलो तर तिथं लिहील कोण? पण 'कोण आहे' हे भुताला विचारणं सोपं होतं. 'मीच आहे' हे तिला सांगणं मला जमलं नाही.

साहेबांचा हुकूम पाळायला एक कमांड पुरली असती. केंद्रात बसून मी ती दिली असती तर काकूच्या समोरचा पडदा काळा झाला असता, आणि निवडायचं ताट मांडीवर तसंच राहिलं असतं. मी वही सोबत आणली होती. पानं चाळली. 'कोनाले नुसतं पाहू द्याचं असन, हात लावू द्याचा नसन, तं अटॅच करतानी शेवटी आर.' यासाठी आधी एकदा फाटक लावणं भाग होतं.

"काकू, जरा सरकता? थोडं नीट करून देतो."

"बंद नको करू."

"नाही करत."

"आन घे."

"आन."

तिनं माझं कोपर धरून ठेवलं. कंट्रोल, बी, डी. पडदा काळा झाला. एका कोपऱ्यात 'डिटॅच्ड' एवढंच. त्या रविवारपासून दादा आत होता, आणि त्याला बाहेर काढणारा मी. घाईघाईनं कमांड टाइप केली आणि अर्थातच चुकलो. कमांड नॉट फाउंड. काकूची बोटं कोपरात रुतली. मी एकेक अक्षर शोधून परत लिहिलं. वावर परत आलं. धुरे, वाफे, हिरवी पट्टी, घड्याळ.

काकूनं कोपर सोडलं. मग तिनं माझ्या हाताकडं बघितलं, त्या दोन बोटांकडं, बराच वेळ. चहाला उठली.

साहेबांना मी कळवलं, शिरलेला माणूस बाहेर काढला. खरं म्हणजे काढला नव्हता, फक्त त्याचे हात बांधले होते. दुसऱ्या दिवशी साडेदहा वाजले आणि अक्षरं आली नाहीत. मी स्टुलावर बसून वाट पाहत राहिलो. पडद्याच्या कडेला ठिपके तेवढे होते. अक्षरं येत तेव्हा भीती वाटायची, ती अशी नव्हती. आता कोणी काही बोलत नव्हतं, नुसतं पाहत होतं.

त्या दिवसापासून मी जपून टाइप करायला लागलो. प्रत्येक आकडा आधी कागदावर, मग मनात, मग बोटांत. एकही चूक नाही, एकही खोडाखोड नाही. काकूला तिचा मुलगा पहिल्यासारखा दिसावा, एवढंच मला देता येण्यासारखं होतं. आठवडाभरात माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. उभ्या आयुष्यात मी दादासारखं काही केलं असेल तर तो आठवडा.

मग एका संध्याकाळी बायको मेथीची भाजी द्यायला काकूकडं गेली आणि उशिरानं आली. चपला काढता काढताच म्हणाली, "काकू इचारत होत्या, तुमची तब्येत बरी हाये ना म्हून. आठ दिवस झाले, लहान्या चुकत नाही म्हने. त्याइले समदं माहीत हाये, कवापासून थे त्याइलेच ठाऊक. म्हनल्या, चुकते तवा समजते का घरचंच कोनी बसलं हाये. नीट लिहाले लागलं तवापासून खोलीत जाले भेव वाटते, कोन बसलं हाये तिथं. उद्यापासून चुकत जा जरा पहिल्यासारखं."