बारीक नळीची रायफल

रंगरावाला गोळी लागली तेव्हा तो ज्वारीच्या बांधावर वाकून गवत कापत होता. गोळी इंद्रभान देशमुखाची. रानडुकरांची शिकार चालली होती आणि गावातलेच लोक हाका घालून डुकरं उठवत होते. बुलढाण्याच्या कोर्टात देशमुखानं सांगितलं, चारशे पावलांवरून माणूस आणि डुक्कर सारखंच दिसतं. कोर्टानं ते मानलं. त्याच वर्षी दसऱ्यानंतरच्या चांदमारीत, नेमबाजीच्या शर्यतीत, देशमुख पुन्हा पहिला आला. चांदमारीचं निशाण चारशे पावलांवरच असायचं.

रंगरावाचा धाकटा भाऊ कडूबा बसऱ्याच्या लढाईवरून परतला तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. तो रडला नाही. वहिनीला, अन्नपूर्णाबाईला, त्यानं एकच विचारलं: दादाच्या डोक्याला पटका होता का. होता, ती म्हणाली. लाल.

लढाईवरून आलेला शिपाई म्हणून त्याला पीकराखणीसाठी बंदुकीचं लायसन मिळालं. मलकापुराहून आगगाडीनं तो नागपूरला बंदुकांच्या दुकानात गेला आणि तिथली सगळ्यांत जाड नळीची रायफल उचलली, पाचशे नंबरची. त्याच्या रागाला ती शोभत होती. म्हाताऱ्या दुकानदारानं विचारलं, काय मारायचंय आणि किती लांबून. कडूबानं सांगितलं, काळा ठिपका, ताटाएवढा, चारशे पावलांवर. दुकानदारानं ती त्याच्या हातातून काढून घेतली. ही गोळी जड, तो म्हणाला, लांब जाता जाता खाली पडते. आणि खांद्याला असा धक्का देते की पुढच्या खेपेला बोट आपसूक कचरतं. मग कडूबानं हाताच्या सवयीची तीनशे तीन मागितली. ती फौजेची गोळी, खासगी माणसाला बंद. शेवटी दुकानदारानं दोनशे पंचाहत्तर नंबरची पुढे केली. बारीक नळी, लांबट हलकी गोळी, सरळ जाणारी. दिसायला इतकी साधी, की कडूबाचा जीव खट्टू झाला. तरी तो दुकानाच्या फरशीवर पालथा झोपला, दस्ता खांद्याला लावला आणि दारातून समोरच्या देवळाच्या कळसावर नेम धरला. श्वास सोडला. नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायचा तो लोखंडी दाणा, जागची हलली नाही. लढाईची सगळी पुंजी त्यानं तिथं ठेवली.

उन्हाळाभर तो नाल्यात निशाणं मारत राहिला. गावाला वाटलं, आता देशमुखाचे दिवस भरले. अन्नपूर्णाबाईलाही तेच वाटलं.

"भाऊजी, त्याले मारसान काय?"

"नाही वैनी. मेला त सुटला."

दसऱ्याला घरात हत्यारांची पूजा मांडली. रंगराव गेल्यापासून अन्नपूर्णाबाई कुंकवाच्या करंड्याला शिवली नव्हती; शिवायची नव्हतीच. त्या दिवशी तिनं करंडा मागितला. कोणी काही बोलायच्या आत कडूबानं तो तिच्या हातात दिला. रायफलीचं कपाळ कुठं असतं ते तिला काय ठाऊक. तिनं ओलं कुंकू नळीच्या टोकावर, नेमक्या माशीवर लावलं. कडूबानं पाहिलं आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी बुलढाण्याच्या मैदानात तो निशाणासमोर झोपला तेव्हा कुंकू वाळून माशीवर खपली धरली होती. माशी उंच झाली की गोळी खाली जाते, हे त्याला फौजेत पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. पण ते पुसायला त्याचा अंगठा उठेना. पहिली गोळी निशाणाखालच्या मातीत गेली. देशमुखाची माणसं हसली. तेव्हा त्यानं खपली नखानं खरवडली आणि ते कुंकू स्वतःच्या कपाळाला लावलं. उरलेल्या चारही गोळ्या काळ्यात बसल्या. देशमुखाच्या पाचही बसल्या होत्या.

कप द्यायला आलेल्या गोऱ्या साहेबानं देशमुखाच्या नजरेचं कौतुक केलं. देशमुख खुलला.

"नजरेचं काय सांगू साहेब. तिकडं निशाणापाशी शिपाई उभा हाये ना, त्याच्या मिशा मले इथून मोजता येतात."

लोकांत हशा पिकला. कडूबानं रायफल खाली ठेवली.

"मंग मालक, माह्या भावाचा लाल पटका काऊन दिसला नाही?"

हसू जिथल्या तिथं थांबलं. देशमुख म्हणाला, तो खटला केव्हाच मिटला.

"मिटला ना. मी कुठं खटल्याचं बोलून राह्यलो? नजरेचं इचारलं."

साहेबानं आपल्या कारकुनाला विचारलं, हा काय म्हणतो. कारकून अडखळला, मग त्यानं सगळं सांगितलं. साहेबानं देशमुखाला कप दिला, हात मिळवला नाही.

कडूबाला वाटलं होतं, एवढं झालं की आत काहीतरी निवेल. गावाकडे घाट उतरतानाच त्याला कळलं, निवलेलं नाही. हिवाळ्यात देशमुखानं शिकार काढली आणि हाक्याला माणसं बोलावली. कोणाचं पोर आजारी होतं, कोणाची मोट तुटली होती, कोणी नुसताच घरात बसून राहिला. देशमुख घोड्यावरून एकटाच गावातून गेला. अन्नपूर्णाबाई उंबऱ्यात उभी होती. दिसेनासा होईपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली.