अजगराची पेटी आणि बत्तीस अंश

आमच्या बोईसरच्या फ्लॅटमध्ये काचेच्या पेटीचं रीतसर उद्घाटन झालं. माझा नवरा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायन कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथे नवा पंप बसवला तरी त्याला हळदकुंकू लागतं. त्यामुळे लेकीच्या अजगराची पेटी तयार झाल्यावर नवऱ्याने थर्मोस्टॅटला कुंकू लावलं, नारळ फोडला, सहकाऱ्यांना पेढे वाटले आणि छोटंसं भाषणही केलं.

"कुठल्याही कोपऱ्यात हात घाला, बत्तीस अंश. फरक शून्य."

अजगर तसा लहानच. बॉल पायथन, परदेशी जातीचा, सरकारदरबारी नोंद असलेला, घाबरला की चेंडूसारखा गोळा होणारा. एडवणला वाडी असलेला एक सहकारी काचेसमोर बराच वेळ उभा राहिला.

"वहिनी, आमच्या वाडीत हा दिसला तर आमी काठी शोधतो. तुमी त्याला हीटर लावलाय."

"आतमध्ये पंखाही आहे," मी म्हटलं.

"मग जावईच हाय," म्हणत त्याने आणखी एक पेढा घेतला.

पंखा खरोखरच होता. उष्णता सगळीकडे सारखी पसरावी म्हणून तो बसवला होता, आणि ती बाहेर जाऊ नये म्हणून समोरची काच सोडून पेटीला तिन्ही बाजूंनी थर्माकोल लावलं होतं. रसायनं तयार होतात त्या टाकीत, म्हणजे रिअॅक्टरमध्ये, एक भाग गरम आणि एक गार राहिला तर माल बिघडतो, हे नवऱ्याच्या हाडीमाशी खिळलेलं. पेटीत माल नसून प्राणी आहे, ही बाब उद्घाटनाच्या गडबडीत राहून गेली.

अजगराने खाणं सोडलं. लेक फ्रीजरमधल्या पापलेटखालच्या डब्यातून गोठवलेला उंदीर काढायची, कोमट करायची, चिमट्याने समोर धरायची. तो तोंड फिरवायचा. दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून राहायचा आणि संध्याकाळ झाली की काचेवर नाक घासत फेऱ्या मारायचा. नाकावरचं खवलं सोलवटलं. पाठीचा कणा वर दिसायला लागला. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, पुढच्या भेटीपर्यंत खाल्लं नाही तर घशात नळी घालून भरवावं लागेल. ते ऐकून लेक गाडीत बोईसरपर्यंत फोनवर सापांविषयीच वाचत राहिली.

सापाला स्वतःची ऊब तयार करता येत नाही, त्याला एक गरम टोक आणि एक गार टोक लागतं, हे तिने वाचून काढलं होतं. बापाला सांगूनही पाहिलं.

"म्हणजे मी मुद्दाम बिघाड करून ठेवू?" तो म्हणाला.

मग एका रविवारी जेवताना तिने दुसरीकडून सुरुवात केली. "बाबा, तुझ्या कंट्रोल रूममध्ये तापमान किती असतं?"

"बावीस. कायम."

"मग आई फोन करते तेव्हा तू नेहमी गेटबाहेर चहाच्या टपरीवर कसा असतोस?"

"गारठायला होतं गं. जरा उन्हात उभं राहिलं की बरं वाटतं."

"आणि नंतर?"

"नंतर घाम फुटतो. मग आत जातो."

मी आमटी वाढत राहिले. अशा वेळी बायको काही बोलली की काम बिघडतं. तो भाकरीचा तुकडा हातात धरून पेटीकडे बघत बसला.

"त्याला टपरी पाहिजे," अखेर तो म्हणाला.

दुपारी पंखा निघाला. एका बाजूचं थर्माकोल सोललं गेलं. हीटिंग पॅड दुसऱ्या टोकाखाली सरकवला, दोन्हीकडे लपायला फुटक्या मडक्याचं एकेक अर्धुक ठेवलं. इकडे बत्तीस, तिकडे सव्वीस. ते दोन वेगळे आकडे टेपवर लिहून चिकटवताना त्याचा चेहरा स्वतःच्याच मुलाला नापास करणाऱ्या मास्तरासारखा झाला होता.

अजगर पाण्यातून बाहेर आला. आधी गरम मडक्याखाली शिरला, बऱ्याच वेळाने गारव्याकडे गेला, पुन्हा परतला. काचेवर नाक घासणं थांबलं. पुढच्या रविवारी लेकीने उंदीर धरला. मान किंचित मागे गेली, आणि आम्हाला काही दिसायच्या आत चिमटा रिकामा झाला होता.

लेकीने डॉक्टरांना फोन करून नळी रद्द केली. आवाज असा, जणू जिल्ह्याची स्पर्धा जिंकून आलीय. अजगर फुगलेलं पोट घेऊन गरम टोकाला गेला आणि पचवत पडला. नवरा जमिनीवर मांडी घालून त्याच्यासमोर बसला होता.

"बघ," तो मला हळूच म्हणाला, "स्वतः ठरवतोय."