लेमूर आणि पहिली पंगत

न्युरेम्बर्गच्या आमच्या मराठी मंडळाची सहल यंदा प्राणिसंग्रहालयात गेली. लेमूरच्या कुंपणापाशी माझी दहा वर्षांची मुलगी माहिती सांगणार होती, तीही मराठीत. घरी तिला मराठीत काही विचारलं तर उत्तर जर्मनमध्ये येतं, त्यामुळे ही गोष्ट साधी नव्हती. कोणी हसलं तर पुन्हा मराठी बोलणार नाही, असं तिने बजावलं होतं. ती बोलल्याप्रमाणे वागते. हा गुण तिने मंडळात उचललेला नाही.

आम्ही चौतीस जण होतो. ऐकायला अकरा थांबले. बाकीचे डब्यांवर पहारा देत होते.

लेमूर हे माकडांचे लांबचे भाऊबंद, मूळचे फक्त मादागास्कर बेटाचे, तिने सांगितलं. गार सकाळी ते हात पसरून, पोट उन्हाकडे करून बसतात. काही छोट्या जाती शेपटीत चरबी साठवतात आणि कोरडा ऋतू झोपून काढतात. (आमच्या मंडळींना शेपटी नसल्याने त्यांनी चरबीसाठी दुसरी जागा शोधली आहे.) तिथलं जंगल तोडलं, जाळलं जातं, पिल्लं पाळायला पकडून नेतात, म्हणून बहुतेक जाती नाहीशा व्हायच्या बेतात आहेत.

यावर मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, एखादा बाल्कनीत पाळता येईल का. हे गृहस्थ ऑफिसात पर्यावरणावर भाषणं देतात.

लेमूरांत माद्यांचा हुकूम चालतो, त्या आधी खातात आणि नर बाजूला थांबतात, हे तिने शेवटी सांगितलं तेव्हा मात्र सगळे पुरुष खदखदून हसले. ती पाठ फिरवून कुंपणाकडे बघत उभी राहिली.

"अहो, आता ही बोलायची नाही," बायको मला म्हणाली.

मग जेवण. आमची पहिली पंगत जर्मनीतही पुरुषांचीच असते. मंडळातल्या एक बाई अध्यक्षांच्याच कंपनीत त्यांच्या वरच्या पदावर आहेत. वाढप त्यांच्याकडे होतं. तीन महिन्यांसाठी आलेली माझी आई पहाटेपासून पुरणपोळ्या करून थकली होती आणि आताही उभीच होती. अध्यक्षांनी ताट पुढे केलं. मुलगी मध्ये येऊन उभी राहिली.

"काका, थांबा. आधी आजी."

हे तिने मराठीत म्हटलं. अध्यक्ष हसू लागले, पण साथ मिळेना.

"अगं, राहू दे. मी मागून बसते," आई म्हणाली.

"नाही आजी. तू बस."

आई बसली. मग बाकीच्या बायकाही बसल्या. अध्यक्ष बाजूला झाले, मीही अर्धं वाढलेलं ताट आईपुढे ठेवलं. हात रिकामे झाल्यावर आम्ही पुरुष पलीकडच्या बाकांवर, पोट उन्हाकडे करून, आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलो.