गयाबाईचा सातवा प्रश्न

कारंज्याला छोट्या रेल्वेगाडीतून उतरलो तेव्हा माझ्या ट्रंकेत सहा प्रश्नांच्या छापील कागदांचा गठ्ठा होता. जिवाला कंटाळलेला माणूस वेळीच कसा ओळखावा, हे मानोऱ्याच्या दवाखान्यातल्या मंडळींना शिकवायला मी नागपूरहून निघालो होतो. पुढे छकडा (हलकी बैलगाडी). वाटेत ट्रंक एकदा धुळीत पडली. कागद वेचता वेचता गाडीवान म्हणाला, "एवढं कायले इचारून राह्यले जी? लोकं काय सांगतीन?"

शिकायला दोघंच, कंपाउंडर आणि गयाबाई नावाची सुईण. गयाबाईला अक्षरओळख नाही. झालं! म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी. तिने दिलेली भाकर आणि जवसाची चटणी मात्र मी निमूट हादडली.

दुसऱ्या दिवशी जवळच्या वाडीची सुभद्रा सासूसोबत आली. डोकं दुखतं म्हणे, आणि ही महिन्यातली तिसरी खेप. मी सहाही प्रश्न विचारले. जीव नकोसा होतो का? "नाई जी." मी 'धोका नाही' असं लिहिलं आणि पुडी द्यायला सांगितली.

सासू पुडीसाठी आत गेली तशी गयाबाई सुभद्रेजवळ उंबऱ्यात बसली. "काय वं, औंदा (यंदा) दोडक्याचं बी राखलं का?"

"नाई मावशी. जाऊले देऊन टाकलं."

"अन् डांगराचं (भोपळ्याचं)?"

"तेबी देलं."

गयाबाईने तिचा हात धरला तो सोडलाच नाही. "आज तू माह्या घरी राह्य."

मी चिडलोच. डोकेदुखीचा आणि दोडक्याचा काय संबंध?

"डागदर, आमची बाई घर बदलते तवा बियानं पदराले बांधून नेते. जिले पुढचा पाऊस पाह्याचा नाई, थेच सारं वाटून टाकते. अन् तुमी इचारलं सासूपुढं! कोन सांगन?"

सुभद्रा हमसून रडायला लागली. जगायचं नव्हतंच, म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या भावाला निरोप गेला. तो येईपर्यंत चार दिवस गयाबाईने तिला क्षणभर एकटं सोडलं नाही. मी 'धोका नाही' खोडलं, पण त्या जागी काय लिहावं ते सुचेना. नागपुरात नळावर उभ्या असलेल्या बाईला कोणत्या बियांचं विचारायचं? मला अजून कळलेलं नाही.

सुभद्रा भावाच्या गाडीत बसली तेव्हा गयाबाईने तिच्या पदराला डांगराचं बी बांधलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "डागदर, तुमच्या परसात औंदा काय लावलं?"

"बायको गेल्यापासून काही नाही," मी हसत म्हणालो.

ती हसली नाही. माझा रुमाल मागून तिने त्यात चार बिया बांधल्या. "वेल मांडवावर चढली का कागद धाडा. नाई आला तं मीच येईन नागपूरले."

घरी पोचल्यावर ट्रंक न उघडता मी आधी कुदळ शोधायला लागलो. ती कुठे ठेवलेली असते, हे बायकोला कधी विचारलंच नव्हतं.