जामीन राहणाऱ्या सुलेमाबाई

ब्वेनोस आइरेसमध्ये भाड्यानं घर घ्यायचं तर नुसता पगार असून भागत नाही. जामीनदार लागतो, आणि तोही असा, की ज्याच्या नावावर राजधानीच्या हद्दीत घर आहे. हद्दीबाहेर बंगला असला तरी दलाल नाक मुरडतो. भाडेकरूनं भाडं थकवलं तर घरमालक जामीनदाराच्या घरावर टाच आणणार, असा हा मामला. त्यामुळे ज्याच्या खानदानात राजधानीतलं एक घर आहे त्याचं नशीब उघडलं, आणि ज्याच्या नाही त्यानं दारोदार फिरावं.

सुलेमाबाईंच्या खानदानात असं घर एकच होतं, आणि ते त्यांचं स्वतःचं. बोएदो भागात, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि उन्हाची एक चिंचोळी गॅलरी. नवरा एल्व्हिओ बसचालक होता आणि बाई शाळेच्या पोरांचे पांढरे डगले शिवायच्या. दोघांनी हाडाची काडं करून घेतलेलं घर ते. एल्व्हिओ गेला, मशीन गॅलरीत गेलं, आणि घर मात्र सगळ्या गोतावळ्याचं झालं. भावाच्या मुलाला लग्नानंतर खोली हवी, लावा सुलेमाचं घर. खालच्या न्हाव्याच्या बहिणीला दुकानाचा गाळा हवा, लावा सुलेमाचं घर. बाई चष्मा लावायच्या, करार शेवटपर्यंत वाचायच्या आणि सही ठोकायच्या. त्याबद्दल कधी छदाम घेतला नाही. कुणी केकचा खोका दोऱ्याला लटकवून आणला तर तेवढा ठेवून घ्यायच्या, आणि तोही आणणाऱ्याबरोबरच बसून संपवायच्या.

नियम मात्र एक होता आणि तो कडक होता. एका वेळी एकच सही. घर एक आहे, दोघांनी एकदम बुडवलं तर मी काय पुलाखाली जाऊ, असं त्या तोंडावर सांगायच्या. पहिला करार संपला की दुसऱ्याचा नंबर. यात कुणाला राग यायचा नाही, कारण नंबर सगळ्यांचाच लागायचा.

पुढे लिसांद्रो मोठा झाला. हा बाईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, गोड बोलण्यात पटाईत. बाहेरून बदली होऊन येणारे इंजिनियर, डॉक्टर, कंपन्यांचे साहेब यांची इथं सोय लावून द्यायचा धंदा त्यानं काढला. घर कुठं घ्यावं, मुलांची शाळा कोणती, मोलकरणीला काय द्यावं, महिन्याला किती डॉलर लागतील, सगळं हा सांगणार. एकदा तो बाईंकडे आला आणि म्हणाला, मावशी, एक स्वित्झर्लंडचा पोरगा आलाय, एकटा आहे बिचारा, इथं ना आई ना बाप, त्याला कोण जामीन राहणार? बाईंचं काळीज लगेच पाघळलं. त्या पोराचा करार संपला तर एक कॅनडाचं जोडपं उभं राहिलं. मग आणखी कुणी. गेली सहा वर्षं घरच्यांचा नंबरच लागला नाही. भावाच्या मुलानं दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा यायचंच सोडलं. सुलेमाला आता गोरी माणसं लागतात, असं तो बारशा-लग्नात बोलून दाखवायचा. बाईंना ते ऐकू यायचं आणि झोंबायचंही. पण लिसांद्रो म्हणायचा, मावशी, त्यांना आपलं कोण आहे इथं?

तर झालं असं, की ग्रिसेल्दाचं घर गेलं. ग्रिसेल्दा म्हणजे बाईंच्या मेलेल्या मैत्रिणीची मुलगी. चर्चमध्ये बाप्तिस्म्याला हिला मांडीवर धरलं ते सुलेमाबाईंनीच. ती इस्पितळात एक्स-रे काढायची आणि मुलाला एकटीनं वाढवत होती. तिच्या घरमालकानं करार वाढवायला नकार दिला. त्याला तेच घर रंगवून परदेशी लोकांना डॉलरमध्ये द्यायचं होतं, आणि हे सांगताना त्याला लाजही वाटली नाही. ग्रिसेल्दानं पार्के पात्रिसिओसमध्ये एक घर हुडकलं. भाडं परवडण्यासारखं, मुलाची शाळा चालत. दलालानं शुक्रवारपर्यंत जामीनदार आणायला सांगितलं. नाही मिळाला तर तिला पार शहराबाहेर भावाच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत जावं लागणार होतं. तिथून इस्पितळाला यायला दोन बस आणि एक गाडी, आणि पोराची शाळा सुटणार ती सुटणारच.

ती बाईंकडे आली तेव्हा बाईंनी महिन्यापूर्वीच योरिस नावाच्या कुणा डच पोरासाठी सही केली होती. नियम म्हणजे नियम. बाईंनी तिला नाही म्हटलं. ग्रिसेल्दा रडली नाही, भांडली नाही, राहू दे मावशी म्हणाली आणि कप विसळून ठेवून निघून गेली. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

बुधवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. बघतात तर एक ताडमाड उंच तरुण, हातात फुलं आणि चीजचा मोठा तुकडा. हाच योरिस. पवनचक्क्या उभारणाऱ्या परदेशी कंपनीत इंजिनियर. करारावर बाईंचा पत्ता होता, म्हणून आभार मानायला आला होता. बाईंना भारी कौतुक वाटलं. सहा वर्षांत एकही गोरा दारात आला नव्हता. त्यांनी त्याला बसवलं, माते करून दिला, आणि तो कडू चहा पिताना पोरानं तोंड वाकडं केलं तेव्हा साखर घातली. पोरगं सालस होतं. वर्गात शिकलेलं स्पॅनिश जपून जपून बोलत होतं. बोलता बोलता म्हणालं, हे शहर स्वस्त आहे असं कंपनीत ऐकलं होतं, पण आल्या आल्या खिसा रिकामाच झाला. घरभाडं डॉलरमध्ये, तीन महिन्यांची अनामत, दलाली, इमारतीचा देखभाल खर्च.

"आणि तुमची फी," तो हसत म्हणाला. "पण माझी तक्रार नाही, सेन्योरा. निम्मी कंपनीनं भरली."

"माझी कसली फी?"

"जामीन राहण्याची. तीन हजार डॉलर."

बाईंना वाटलं पोराचं स्पॅनिश चुकलं. त्यांनी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तेच सांगितलं, वर तीन बोटं दाखवली. मग अगदी सहज म्हणाला, की त्याच्या ऑफिसातली फिनलंडची एक बाई रांगेत आहे. योरिसचा करार संपला की ती सही तिला मिळेल, असं लिसांद्रोनं सांगून तिच्याकडून आगाऊ पैसेही घेतले आहेत.

रांगेत! अहो, ज्या सहीसाठी सख्ख्या भावाच्या पोरानं हेलपाटे घातले, जिच्यासाठी ग्रिसेल्दा परत गेली, त्या सहीला बाजारात रांग लागली होती आणि ती रांग लावणारा बाईंचा स्वतःचा भाचा होता. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. पण समोरच्या पोराचा त्यात काय दोष? त्यालाही नाडलंच होतं. त्यांनी त्याला दारापर्यंत पोचवलं, फुलं पाण्यात घातली आणि मग खुर्चीत बसून सहा वर्षांतले सगळे गोरे एकेक करून आठवले. लिसांद्रोनं पालेर्मोत, शहराच्या त्या महागड्या वस्तीत, घर कशातून घेतलं याचा तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्या घराच्या गृहप्रवेशाला बाईंनी हातानं शिवलेले पडदे दिले होते.

दुसऱ्या दिवशी बाई चांगला कोट घालून बसनं त्याच्या ऑफिसात गेल्या. तिथं नव्यानं आलेल्या परदेशी लोकांसमोर त्याचं भाषण चाललं होतं. दहाबारा माणसं, कॉफी, पाव, भिंतीवर मोठा पडदा. या शहरात राहायला काय खर्च येतो त्याचं कोष्टक त्यावर होतं. बाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण भाडं, शाळा, दवाखाना यांच्या खाली जामिनाचा आकडा होता तो त्यांना बरोबर वाचता आला. त्यांना पाहून लिसांद्रोनं बोलणं तिथंच तोडलं. मग त्यानं हसून, ही माझी लाडकी मावशी, अशी ओळख करून दिली आणि त्यांना दंडाला धरून मागच्या छोट्या स्वयंपाकघरात नेलं.

बाईंनी सरळ विचारलं, पैसे घेतलेस का? त्यानंही सरळच सांगितलं, घेतले. चेहऱ्यावर काही नाही. तो म्हणाला, मी माणसं आणतो, कागद करतो, पळापळ माझी असते. तुला सांगितलं असतं तर तू पैशाला हात लावला नसतास आणि मलाही लावू दिला नसतास. ज्या कंपन्या मुलांच्या शाळेला हजारो डॉलर मोजतात त्यांच्याकडून तीन हजार घेतले तर कुणाचं काय गेलं?

"ग्रिसेल्दाचं घर गेलं," बाई म्हणाल्या. "पालेर्मोचं घर तुझ्या नावावर आहे ना? उद्या तिला जामीन राहा."

लिसांद्रो हसला. खरंच हसला, लहान मुलाचं काहीतरी ऐकून हसावं तसं.

"मावशी, स्वतःचं घर कोण लावतं गं?"

 या पोराला बाईंनी शाळेचे डगले फुकट शिवून दिले होते, दर वर्षी एक माप वाढवून. त्यांनी दार उघडलं आणि त्या पुन्हा पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. जमलेल्यांना त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की हा जो आकडा दिसतोय ती माझी सही आहे, ती फुकट असते, आणि माझ्या भाच्याचंही राजधानीत घर आहे, त्यानं ते आजवर कुणासाठी लावलेलं नाही. निम्म्यांना समजलं, त्यांनी उरलेल्या निम्म्यांना समजावलं. खुर्च्या करकरायला लागल्या. लिसांद्रोचा चेहरा पांढरा पडला, पण जीभ जागेवर होती. तो हात पसरून म्हणाला, मावशी रागावली आहे कारण घरच्या एका मुलीला जामीन हवाय, आणि त्यात काय, मी उद्याच राहतो की! एकदोघांनी टाळ्याही वाजवल्या.

शुक्रवारी तो खरंच आला. दलालाकडे कागद आणले, सही केली, ग्रिसेल्दाच्या मुलाच्या गालाला चिमटा काढला. बाईंना हायसं वाटलं. पोरगं वाया गेलं नाही, जरा घसरलं होतं एवढंच, असं त्यांनी इमारतीत सगळ्यांना सांगितलं. सांगताना डोळे पुसले. आम्ही शेजाऱ्यांनीही मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात त्या ग्रिसेल्दाच्या नव्या घरी पडदे टांगायला गेल्या. पोरगं रिकाम्या खोलीत चेंडू मारत होतं. ग्रिसेल्दा खोक्यांवर खोकी चढवत होती आणि बाईंच्या नजरेला नजर देत नव्हती. काय झालं, काय झालं म्हणून बाई मागेच लागल्या तेव्हा तिनं सांगितलं. जामीन राहण्याबद्दल लिसांद्रोला दर महिन्याला थोडे थोडे पैसे द्यायचे ठरले होते. पहिला हप्ता तिनं सहीच्या दिवशी, सहीच्या आधी, जिन्यात दिला होता.

"घरची म्हणून निम्मेच लावले," ती म्हणाली. "मावशी, तू काही बोलू नकोस. मला घर हवंय."

बाई पुन्हा स्टुलावर चढल्या. पडद्याची दोन्ही टोकं नीट टांगून झाली, पोराला खाऊ दिला, आणि घरून कागद घेऊन त्या तडक दलालाकडे गेल्या. संतापानं त्यांनी घराचे कागद टेबलावर आपटले. त्यांनी दलालाला सांगितलं, त्या करारातून माझ्या भाच्याचं नाव काढा आणि माझं घाला. एका वेळी एकच सही हा नियम त्या आयुष्यात पहिल्यांदा मोडत होत्या. एक घर, दोन भाडेकरू. त्यातला एक आज इथं, उद्या कंपनी पाठवील तिकडं.

दलाल तरुण होता, अदबीनं वागणारा. त्यानं कागद बघितले, त्यात खोट निघाली नाही. घरमालकाला फोन लावला, त्याचीही हरकत नव्हती. नवा मसुदा छापून त्यानं बाईंसमोर ठेवला, पेन उघडून दिलं, आणि बाईंनी सही केल्यावर खुर्ची जरा पुढे ओढून हळूच विचारलं, "तुम्ही किती घेता, सेन्योरा? नाही, आमच्याकडेही गरजू लोक येतात."

"मी तिची मावशी आहे," बाई म्हणाल्या.

"हो, ते आलं लक्षात," तो म्हणाला. "पण किती?"